कोहळ्याचा निवाडा

"मीच काढतो खाली," असं म्हणून प्रेमदासजी शिडीवर चढले.

कोहळं गोपिकाबाईच्या छपरावर, कवेलूंवर बसलेलं होतं आणि त्याचा वेल कुंपणापलीकडून, आनंदाबाईच्या वाडीतून आला होता. भांडण काय ते एवढंच. पण एवढ्याशापायी दोघी शेजारणी आठ दिवसांपासून एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. आणि उद्या तर आनंदाबाईच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीचा सण. पिकातलं चांगलं ते आणून वेदीपुढे ठेवायचं, मग प्रभुभोजन. मनात अढी असली, तर अर्पणही ठेवायचं नाही आणि त्या भाकरीला हातही लावायचा नाही. सणाआधी घरोघरी फिरून अशा अढ्या सोडवायच्या, हे मंडळीच्या वडिलांचं काम. वडील म्हणजे पंचच म्हणा ना. प्रेमदासजींना हा मान मिळून तीन महिने झाले होते, पण मेलं एक भांडण त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

तीन महिने ते देवापाशी एकच मागत होते, शहाणपण. शलमोन राजानं मागितलं होतं तेच. एका लेकरासाठी दोन बाया भांडतात, राजा म्हणतो, कापा लेकरू आणि द्या वाटून. जी 'नको' म्हणून ओरडते ती खरी आई. ही गोष्ट प्रेमदासजींना भारी आवडायची, आणि छळायचीही. वर्ध्याहून महिन्यातून दोनदा एस.टी.नं येणाऱ्या पाळकसाहेबांना त्यांनी एकदा विचारलंही होतं, "पण साहेब, दोघीबी ओरडल्या असत्या त?"

पाळकसाहेब म्हणाले, "प्रेमदास, माझी गाडी सुटते."

दोराला बांधून सोडलेलं कोहळं अंगणात आलं. अबब, केवढं ते! एका माणसाच्या कवेत मावेना.

"वेल माहा हाये," आनंदाबाई म्हणाली. "बी म्या लावली."

"आन पाणी कोणं घातलं?" गोपिकाबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. "तू वीस दिवस सेवाग्रामले, पोराच्या खाटेपाशी. वांदरं कोणं हाकलले? माहे चार कवेलू फुटले त्याच्यात."

हेही खरंच होतं. आनंदाबाईचा थोरला, श्रावण, विषमज्वरानं दवाखान्यात पडला होता. पोरगं हाती लागतं की नाही अशी गत. तिथंच खाटेपाशी ती देवाला बोलली होती, माझं पोरगं उठू दे, वेलाचं सगळ्यात मोठं कोहळं तुझं. पोरगं उठलं. आता देवाला दिलेला शब्द खाली पडला तर, या धसक्यानं तिला आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं. पण हे गोपिकेला सांगायला जीभ रेटेल तर शपथ.

प्रेमदासजींनी दोघींचं ऐकून घेतलं. मग खाकरून, ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "विळा आणा."

विळा आला.

"अर्धं हिचं, अर्धं तिचं. झालं?"

प्रेमदासजींनी विळा वर उचलला. त्यांचं लक्ष कोहळ्याकडे नव्हतंच मुळी. मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. कोण ओरडते ते पाहायचं होतं ना!

"नोका!"

दोघीही ओरडल्या. दोघींनीही त्यांचं मनगट धरलं.

आता प्रेमदासजी एक गोष्ट विसरले होते. सबंध कोहळं बाईच्या देखत फोडत नाहीत. आपल्याकडे ते थोरल्या लेकासारखं मानतात. पहिला घाव बाप्यानं घालायचा, आणि तोवर बाईनं तोंड फिरवून बसायचं. गोपिकाबाईच्या घरी हे होतंच, पण बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या गेल्या तरी आनंदाबाईच्या घरातूनही ते गेलं नव्हतं. अहो, प्रेमदासजींची बायकोसुद्धा चुलीकडे तोंड करून बसायची. जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं तिला कधी विचारलं नव्हतं, काऊन म्हणून.

"श्रावण्याच्या नावाचं हाये न ते!" गोपिकाबाईनं मनगट सोडलं नव्हतं. "त्याच्यावर विळा धरता?"

आनंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"तुले कोणं सांगतलं?"

"दवाखान्यात पाहाले आली होती न मी, तवा श्रावण्यानंच सांगतलं. नाई त काय, वांदरामांगं धावाची मले हौस होती?"

"मंग अडून काऊन बसली व बाई?"

"तू एक डाव म्हणली असती, 'गोपिके, तुह्यानं कोहळं राह्यलं.'" गोपिकाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "एक डाव! पोराले घेऊन आली, आन सरळ शिडी लावाले लागली माह्या घराले."

आनंदाबाईला फार लाज वाटली. ती पदरानं कोहळ्यावरची माती पुसत राहिली. पुसून झाल्यावर म्हणाली, "चुकलं माहं. उद्या संग चाल माह्या. दोघीच्या नावानं ठेवू."

"तुमच्या देवळात? मी?"

"मंग? एकटीले उचलते का हे?"

गोपिकाबाई डोळे पुसून हसली. दोघी वाकल्या, दोहीकडून हात घातले. कोहळं हललं, पण उठेना.

प्रेमदासजी इतका वेळ तसेच उभे होते. दोघी ओरडल्या तर पुढे काय, ते शास्त्रात कुठं लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या डोळ्यांपुढे चाललं होतं, आणि ते तोंड उघडं टाकून पाहत होते. कोहळं उठेना म्हटल्यावर ते भानावर आले आणि लगबगीनं पुढे झाले.

"थांबा, थांबा, मी धरतो."

"तुम्ही तिकडंच राहा, भाऊ," गोपिकाबाई म्हणाली. "तुमच्या हातात विळा हाये."