तिसरी हाक

तिला शाळेचा इतिहास लिहायचा होता, म्हणून शिपाईमामांनी रिकाम्या वर्गात जुनी टेप लावली. हजेरी घेणारा आवाज तिच्या आईचा होता. आईला जाऊन महिना झाला होता.

"बाईंचा दरारा बघा, मी अजून ताठ बसतो!" मामा हसले.

बेचाळीस नावं झाली. मग आई म्हणाली, "चिमणे?"

हे तिचं घरातलं नाव, आणि टेप तिच्या जन्माआधीची.

"चिमणे, कान कुठे गहाण ठेवलेस?"

मामांनी घाबरून टेपची वायरच उपटली.

आई तीनदाच पुकारायची, मग गैरहजेरी मांडायची. ओ द्यायला जीव तुटत होता, पण तिने तोंड घट्ट दाबून धरलं.

बंद टेपमधून तिसरी हाक आली.

मागच्या बाकावरून तिच्याच लहानपणीच्या आवाजात उत्तर आलं, "हजर, आई."