कपड्यांची दोरी

गवंड्याच्या बोटाखालचा कागद ओला झाला, बोट फिरण्याची खरखर थांबली, तसा बाईंनी हात पुढे केला.

"हे काय काका?"

"घाम."

"घाम असा चिकटत नाही."

ब्रेल शिकवणाऱ्या बाई पंचविशीच्या, जन्मापासून आंधळ्या. त्यांच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. त्यांनी त्याचं बोट चाचपलं. सकाळी न्हाणीचं दार लावून त्यानं विटेच्या तुकड्यावर दहाही बोटं घासली होती. चाळीस वर्षांच्या सिमेंटनं चढवलेलं कातडं. खाली कुठंतरी मऊ असेलच, या आशेवर.

"घाई करू नका म्हटलं होतं ना?"

"आज शेवटचा दिवस आहे, बाई."

होताच. चार महिन्यांत एक ओळ वाचता आली नाही, तर वर्गातली जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मग पुन्हा खिडकीजवळची खाट. डोळ्यांत चुना उडून दृष्टी गेल्यावर वर्षभर तो त्याच खाटेवर बसला होता. तिथूनच एका दुपारी त्यानं बायकोला विचारलं होतं, दोर कुठं ठेवलाय? तेव्हापासून त्या घरात कपडे वाळत घालायलासुद्धा दोरी नव्हती.

लाकडी फळीवर खिळे ठोकून केलेली मोठी अक्षरं तो धडाधड सांगायचा. कागदावरचे उठवलेले ठिपके मात्र बोटाला लागतच नसत. याच बोटांनी भिंतीचा सुताएवढा फुगवटा पकडला होता! हाताखालच्या माणसाला कधी दुसऱ्यांदा न सांगणारा तो, आता लेकीच्या वयाच्या बाईंना 'परत सांगा' म्हणत होता. मागच्या आठवड्यात त्यानं धडा ऐकून पाठ केला आणि खडाखडा वाचून दाखवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "कागद उलटा ठेवला होता मी, काका." सगळा वर्ग हसला. तोही हसला. घरी जाऊन जेवला नाही.

"ही ओळ नवी आहे," बाईंनी कोरडा कागद सरकवला. "आत्ताच टोचलीय. पाठ असायची सोय नाही."

त्यानं बोट ठेवलं. आग झाली, नुसती आग. आगीत ठिपका कसला सापडतो? दुसरं बोट. तिसरं. करंगळी.

"देऊन टाका जागा," तो म्हणाला आणि त्याचं डोकं पुढे कलंडून तोंड कागदावर टेकलं.



खालच्या ओठाला काहीतरी टोचलं. एक ठिपका. त्याच्या खाली आणखी एक. या ओठांना सिमेंट कधी लागलं नव्हतं. तसं त्यांना कामच फारसं पडलं नव्हतं. ना कुणाशी गोड बोलायचं, ना लेकराचा पापा घ्यायचा.

तो श्वास रोखून सरकला.

"बा... ईं... ना." बराच वेळ गेला. "च... हा. चहा. ह... वा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

"कुठल्या बोटानं वाचलंत?"

त्यानं मुठी मिटून घेतल्या. बाईंचा हात टेबलावरून आला, त्याच्या मिटलेल्या मुठींवरून, कोपरावरून, खांद्यावरून, कागदाला टेकलेल्या तोंडापर्यंत. तिथं थांबला.

"पुढची ओळ," बाई म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर बायको न्यायला आली. हात धरताच "अगं आई गं" म्हणाली, पण विचारलं काही नाही. रस्त्यात तिच्या बाहीचा दमट, आंबट वास आला.

"कपडे वाळत नाहीत वाटतं."

"खुर्चीवर टाकून कुठं वाळतात!"

"मग दोरी बांध."

ती चालता चालता थांबली. तोही थांबला. शेजारून एक सायकल गेली, मग दुसरी.

"खिळा तुम्हालाच ठोकावा लागेल," ती म्हणाली. "माझा वाकडा जातो."