आधी दार उघडायचं

क्षितिज पीएचडीसाठी जपानला आला त्याच दिवशी शेजारच्या ओकादा आजींनी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत बजावलं होतं, "भूकंप झाला की आधी दार उघडायचं. चौकट वाकली तर माणूस आत अडकतो."

आठवड्याभरातच एका सकाळी इमारत हलायला लागली. क्षितिजने लॅपटॉप आणि पासपोर्ट उचलला, बाहेर येऊन सवयीने कुलूप लावलं, ओढूनही बघितलं, आणि आजींच्या दारावरून धावत तो तीन जिने उतरला.

हादरे थांबल्यावर त्याने खालूनच पुण्याला फोन लावला.

"आई, भूकंप झाला. पण मी सुखरूप आहे, खाली आलोय."

"देवा! आणि रे, त्या शेजारच्या आजी? एकट्याच असतात ना त्या? त्यांना आणलंस ना खाली?"

"हो… आणलं ना."

"मग तुझ्या नावाने हाका कोण मारतंय तिथे?"

क्षितिजने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या उघड्या व्हरांड्यात ओकादा आजी दोन्ही हातांनी त्याचं बंद दार बडवत होत्या.

"क्षितिज-सान! घाबरू नकोस! मी आहे इथे!"