तळहातावरचं घामोळं
गुरुवारी संध्याकाळी स्वरूप सोहारच्या स्टील प्लांटवरून मस्कतला घरी आला, तेव्हा त्याच्या तळहातांवर लाल चट्टे होते. “तिकडची गरमी बाधली,” म्हणत त्यानं बायकोकडे घामोळ्याची पावडर मागितली. डबा काढताना रेवा थबकली. घामोळं तळहातावर कधी उठतं? ती मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या शाळेत इतिहास शिकवायची आणि इंग्रजांच्या छावण्यांवर पीएचडी करत होती. गोऱ्या शिपायांमध्ये गुप्तरोग पसरला की सरकार बाजारातल्या बायकांना धरून तपासायचं, कोंडून ठेवायचं. शिपायांना तपासलं तर त्यांचा अपमान व्हायचा. त्या रोगाला मराठीत तेव्हा ‘गरमी’ म्हणत; तळहातांवरचे लाल चट्टे ही त्याची एक खूण. “आणि ऐक,” स्वरूप नजर चुकवत म्हणाला, “तू एकदा रक्त तपासून घे. आधी तुझं होऊ दे, मग माझं बघू.” रेवानं पावडरचा डबा परत कपाटात ठेवला. “गरमीच आहे ही,” ती म्हणाली. “चल, आधी शिपाई.”