मालकिणीची अंगठी

शिवाजी पेठेत नाटकाची तालीम थांबली आणि वाद पेटला. सेनापतीचं वाटोळं करणारा तो खलनायक असा वागला तरी का? “बढती हुकली म्हणून,” त्याचं काम करणारा ऋतुराज म्हणाला. “कारण न्हाय, काय न्हाय. मुळातच कपटी,” असं दिग्दर्शक नेमगोंडा सरांचं मत.

खलनायकाच्या बायकोचं काम करणाऱ्या पूर्णिमाला भलताच प्रश्न पडला होता. “त्याचं ऱ्हाऊ द्या ओ सर. त्यानं मागितली की ही बया मालकिणीची अंगठी गुमान आणून देती. त्या अंगठीपायी माणसं मरत्यात! ‘कशाला पायजे?’ एवढंसुदिक इचारत न्हाय. अशी कुठली बाई असती व्हय?”

सर संहितेची पानं चाळू लागले. तेवढ्यात पूर्णिमाचा फोन वाजला. कागलहून तिचा थोरला भाऊ जोतीराम बोलत होता. वडील, म्हणजे आण्णा, गेल्यापासून घरची शेती तोच बघायचा. “उद्या आधार कार्ड घिऊन ये. आण्णांच्या रानाचं काम हाय, तुजी सही लागती.”

“सही व्हय? करू की, दादा.”

फोन ठेवून ती पुन्हा अंगठी घेऊन जागेवर उभी राहिली.

“कसली सही, ताई?” ऋतुराजनं सहज विचारलं.

पूर्णिमा हातातल्या अंगठीकडं बघतच राहिली.

“इचारलं न्हाय.”