आईच्या हातची गोधडी

“मला धड दिसत न्हाई, सुई धरता येत न्हाई, अन् तू गावभर सांगून राह्यला की गोधडी आईनं शिवली! आता काय शिकवू त्या बायांला?” दुर्गाबाई पोरावर उखडली.

“मंग काय सांगू? शाळा सोडून टाके घालीत बसतो म्हणून? दोस्त लोक जगू देतील का मला?” भारत बी तडकला.

पण त्याला गोधडी शिवायचा नाद लागल्ता. वर्षभर शिवून-उसवून त्याचा टाका बराबर तिळाएवढा झाल्ता. फक्त मोबाईलवर फोटो टाकताना त्यानं खाली लिवलं, ‘आईच्या हातची’. तो पाहून तीर्थपुरीच्या बचत गटानं दुर्गाबाईला शिकवाया बोलावलं. ती धाकट्या तृप्तीला घेऊन फणफणतच गेली.

दुपारी तृप्तीचा फोन आला. “दादा, आईनं तीनदा बोटात सुई टोचून घेतली. बाया हसून राह्यल्यात, म्हणतात दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मिरवती. मी खरं सांगाया गेले, तर तिनं माझं तोंड दाबलं.”

भारतचं तोंड एवढंसं झालं.

 

“फोन ठेव तृप्ते. मला आत्ताच सुई-दोरा घेऊन तिकडं निघाया पाह्यजे.”