कप्तानांचा समुद्र

चौथ्या दिवशी सकाळी बोट डोलायला लागली आणि कप्तानांनी न्याहारीच्या ताटाला हातही लावला नाही. त्यांच्या बायकोने मात्र चहाचे दोन्ही कप एका हातात धरले, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली आणि थेंबही न सांडता ती बसली.

"सवय मोडली यांची," ती टेबलावरच्या बाकीच्यांना म्हणाली.

कप्तान हे नाव तिच्यामुळेच पडलं होतं. खरं तर ते जन्मभर पुस्तकं बांधणारे बाइंडर. पण तरुणपणी तीन वर्षं ते एका मोठ्या प्रवासी बोटीच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायला होते, हे ती पहिल्याच जेवणाला सगळ्यांना सांगून मोकळी झाली. लेक-जावयाने या सफरीची तिकिटं काढली तीही त्याचसाठी. बाबांना पुन्हा एकदा समुद्र दाखवायचा होता.

बाबांनी समुद्र पाहिला होता तो फक्त धक्क्यावरून, एवढीच अडचण होती.

नोकरी मिळाली होती हे खरं. पण बोट सुटायच्या आदल्या दिवशी बंदरावरच्या खानावळीत बाचाबाची झाली, त्यांनी एकाला ढकललं, तो जिन्यावरून पडून कायमचा अधू झाला. बोट गेली आणि ते तीन वर्षांसाठी तुरुंगात. घरी बायको आणि दीड वर्षाची लेक. कळवायचं कुठल्या तोंडाने? एक मित्र दुसऱ्या एका बोटीवर होता. कप्तान कोठडीत पत्रं लिहायचे, मित्र ती निरनिराळ्या बंदरांतून टाकायचा. उत्तरं मित्राच्या पत्त्यावर यायची, तीही मेहुणीच्या हातची, कारण बायकोचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मजकूर ठरलेला असायचा. लेक मजेत आहे, मावशीला सोडत नाही, काळजी नसावी.

त्या तीन वर्षांत घर कसं चाललं, हे विचारायची हिंमत त्यांना पुढे कधीच झाली नाही. विषय निघालाच तर ती म्हणायची, चाललं.

आता रोज दुपारी डेकवर खुर्च्या टाकून दोघं बसत. चोहीकडे पाणी. करायला काही नाही. ती पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढायची आणि एकेक वाचून दाखवायची. उडणारे मासे, सकाळचं गुलाबी पाणी, बोटीमागे लांबवर जाणारी फेसाची वाट. कप्तान डोळे मिटून ऐकायचे. लाज वाटायचीच, पण त्या समुद्राची आठवण यायची हेही खोटं नव्हतं. कोठडीच्या उंचावरच्या हातभर खिडकीखाली बसून त्यांनी तो थेंब थेंब जमवला होता. समोरचा खरा समुद्र त्यांना तितका आवडला नाही. याच्यापायी न्याहारी सुटायची.

"इथे तुम्ही लिहिलंय, डेकवर झोपलं की चांदण्या हलतात," ती म्हणाली. "किती छान लिहायचात हो."



सहाव्या दिवशी टेबलावर नवा पाहुणा आला, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला इंजिनियर. कप्तानांच्या बोटीचं नाव ऐकलं आणि गडी खुर्चीतच सरसावला. त्याने उमेदीची चार वर्षं त्याच बोटीवर काढली होती, कप्तानांच्या थोडी आधी. मग लॉन्ड्री कुठे होती, आठवतं का, त्याने विचारलं.

पाण्याचा पेला शोधण्यात कप्तानांनी जमेल तेवढा वेळ काढला.

"अगदी खाली. इंजिनाच्या पाठीला पाठ लावून," बायको भाजी वाढून घेत म्हणाली. "उजवीकडच्या भिंतीला हात लागला की भाजायचा. यांनी लिहिलं होतं ना."

इंजिनियर खूश झाला. अगदी बरोबर, म्हणाला. कप्तानांना असं काही लिहिल्याचं आठवेना, पण इतक्या थापा मारल्यावर कुठली कुठली लक्षात ठेवणार? अंदाजाने मारलेला खडा बरोबर बसला, असं मनाशी म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सुटका एका दिवसाचीच ठरली. इंजिनियरने उत्साहाच्या भरात परस्पर कार्यक्रम ठरवून टाकला. उद्या पाच वाजता, मोठ्या हॉलमध्ये, जुन्या बोटींच्या आठवणी. आधी तो बोलणार, मग कप्तान. लोकांनी प्रश्न विचारायचे. दारावर कागदही लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानांनी गठ्ठा तिच्या हातातून काढून घेतला. उभं आयुष्य त्यांनी या बाईला फसवलं होतं आणि आता शंभर माणसांसमोर तिची मान खाली जाणार होती. ते त्यांना सोसवणार नव्हतं.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "मी कधीच बोटीवर नव्हतो. मी तुरुंगात होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खानावळ, जिना, तो माणूस, मित्र, पत्रं. सांगताना आवाज दोनदा फुटला. इतकी वर्षं गप्प राहिलो ते तू सोडून जाशील या भीतीने, हेही सांगितलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले.

"तुरुंग होय," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, दुसरी कुणी असेल."

आपण बोटीवर नव्हतो हे तिला कधीपासून माहीत होतं, असं कप्तानांनी विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. संध्याकाळी हॉलमध्ये तुम्ही नुसते बसा, बोलेन मी," ती म्हणाली. "लेकीला ताईकडे ठेवून तुम्हाला शोधायला गेले होते बंदरावर. बोटीवर तुम्ही नव्हतात, पण तुमची जागा रिकामी होती. जवळजवळ तीन वर्षं तिथे मीच इस्त्री केली."